मदत हवी आहे: चिकाचा खरवस होतो, मग दूध उकळून का थिजत नाही?

नमस्कार मंडळी,

मुलगी अकरावी सायन्सला आहे. शनिवारी तिला वर्गात प्रथिनांवर पाच मिनिटं बोलायचंय. पुस्तकात दिलंय की प्रथिनं तापवली की त्यांची घडी मोडते आणि ती एकमेकांना चिकटून घट्ट होतात, उदाहरण उकडलेल्या अंड्याचं. तिने हे वाचलं, योगायोगाने त्याच दिवशी शेजारच्यांची गाय व्याल्याचा चीक घरी आला. मी खरवस लावत होते, तर ही ओट्याशी येऊन म्हणाली, "आई, दुधातही प्रथिनंच आहेत ना? मग रोज दूध उकळतो ते का थिजत नाही? आणि चीक कसा काय थिजतो?"

मी म्हटलं, चीक दाट असतो म्हणून. त्यावर ती म्हणाली, "बासुंदीही दाट असते. ती कुठे थिजते?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अमिनो आम्लं 20 प्रकारची, त्यांची साखळी पेप्टाइड बंधांनी जोडलेली, उष्णतेने ती साखळी तुटत नाही, फक्त घडी धरून ठेवणारे नाजूक बंध सुटतात, इथपर्यंत आम्हा दोघींना कळलंय. पुढे अडलंय.

अजून एक. पहिल्या दिवशीच्या चिकात दुप्पट दूध घालूनही सुरीने काप सुबक निघाले. तिसऱ्या दिवशीचा नुसता चीक, दूध अजिबात न घालता वाफवला, तरी सैल आणि रवाळ राहिला. गूळ, वेलची, कुकर सगळं तेच. तीन दिवसांत चिकात असं काय बदलतं? जाणकारांनी जरा सोप्या भाषेत सांगावं, शुक्रवारपर्यंत सांगितलंत तर फार बरं होईल.

प्रतिसाद १

ताई, बासुंदीचा मुद्दा तुमच्या लेकीने अगदी नेमका पकडलाय. मी बरीच वर्षं दुधाच्या तपासणीत काम केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळी प्रथिनं एकसारखी घडीची नसतात. गाईच्या दुधातलं साधारण 80 टक्के प्रथिन केसीन असतं आणि त्याला मुळातच घट्ट घडी नाही. त्याची साखळी सैल, मोकळी असते. जी घडी नाहीच ती उष्णता मोडणार कशी? हजारो केसीन रेणू कॅल्शियम फॉस्फेटच्या आधाराने गोळा होऊन दुधात तरंगतात. या गोळ्यांच्या बाहेरच्या अंगावर ऋण प्रभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना लांब ढकलतात. बासुंदी आटवताना हेच गोळे जवळ येतात. दाटपणा वाढतो, पण जाळं विणलं जात नाही.

अंड्याच्या पांढऱ्यातली प्रथिनं मात्र घडी घालून बसलेली असतात आणि पाण्याशी न जमणारे भाग त्यांनी आत लपवलेले असतात. तापवल्यावर ते उघडे पडतात, शेजारच्या रेणूला चिकटतात आणि त्या जाळ्यात पाणी अडकतं. थिजणं म्हणतात ते हेच.

दुधातली उरलेली 20 टक्के, म्हणजे निवळीतली (दूध फाटल्यावर वेगळ्या होणाऱ्या पाण्यातली) प्रथिनं घडीचीच असतात. साधारण 70 अंशांच्या पुढे तीही उलगडू लागतात, पण इतकी थोडी असतात की जाळं होत नाही, ती केसीनच्या गोळ्यांना जाऊन चिकटतात. चांगलं तापवलेल्या दुधाचं दही जास्त घट्ट लागतं, त्यामागे हेही आहे.

आता चीक. साध्या दुधात सव्वातीन टक्क्यांच्या आसपास प्रथिन, तर गाईच्या पहिल्या धारेच्या चिकात ते 14 टक्क्यांच्या घरात. त्यातला मोठा वाटा प्रतिपिंडांचा, आणि प्रतिपिंडं घडीची. वासराला ती पोटात असताना आईकडून मिळत नाहीत, चिकातूनच मिळतात. वासराचं आतडं ती अख्खी शोषून घेतं, तेही जन्मानंतर जेमतेम दिवसभरच. म्हणून गाय ती पहिल्या धारेत भरभरून देते आणि नंतर दर धारेला प्रमाण झपाट्याने उतरतं. तुमचा तिसऱ्या दिवशीचा चीक म्हणजे जवळजवळ दूधच.

प्रतिसाद २

वरच्या उत्तराला जोडून. मुलीला प्रयोग दाखवता येईल. एका वाटीत नुसतं दूध आणि दुसरीत कपभर दुधात एक अंडं नीट फेटून, दोन्ही मंद वाफेवर ठेवा. दूध तेच, फक्त दुसऱ्यात घडीचं प्रथिन बाहेरून घातलेलं. तिसऱ्या वाटीत कोमट दूध घेऊन लिंबू पिळा. आम्लाने पीएच 4.6 कडे गेला की केसीनचा प्रभार संपतो आणि गोळे एकत्र येतात. दह्यात हेच आम्ल जिवाणू दुधातल्या साखरेपासून करतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री तिन्ही वाट्या लावल्या. अंड्याची वाटी ताटलीत उपडी केली, वडी जशीच्या तशी उभी राहिली. लिंबाच्या दुधात चोथा वेगळा, हिरवट पाणी वेगळं. नुसतं दूध दूधच राहिलं, वर पातळ साय. तिने ती बोटाने उचलली आणि विचारलं, "मग ही कशाची जमली?" शनिवारपर्यंत याचंही उत्तर मिळालं तर हवंय.