हवालदाराच्या पदवीला बढतीत वजन मिळावं का?

माजी हवालदार, सातारा
२४ वर्षं पायदळात काढली. नायक (हवालदाराच्या खालची रँक) असताना मुक्त विद्यापीठातून बीए करायला घेतलं. टपालाने आलेली पुस्तकं ट्रंकेत कपड्यांखाली ठेवायचो, रात्रीची ड्युटी उतरली की बराकीत टॉर्च लावून वाचायचो. दोनदा ऐन परीक्षेच्या तोंडावर सुटी रद्द झाली. तीन वर्षांची पदवी सहा वर्षांनी हाती आली. शीट रोलवर, म्हणजे सेवेच्या कागदावर, नोंद झाली, पण नायब सुभेदारीच्या, म्हणजे पुढच्या बढतीच्या वेळी तिला कुणी विचारलं नाही. कॅडर (बढतीसाठीचा कोर्स), मॅप रीडिंग, सीओ (पलटणीचे प्रमुख) साहेबांचा अहवाल हे सगळं हवंच. त्यात पदवीचे चार गुण धरले तर काय बिघडतं?

निवृत्त सुभेदार, कोल्हापूर
भावा, तुझ्या कष्टांना सलाम, पण हे पटत नाही. बर्फातल्या चौकीवर दहा पोरं सांभाळणाऱ्याची पदवी कोण विचारतो? गुण दिले की पुढे जाणार पीस स्टेशनातला, सीमेपासून लांबच्या छावणीतला क्लार्क. रायफल कंपनीतला गडी परीक्षा केंद्रावर पोचणार कधी? ज्याला शिकून वर जायचंय त्याला एसीसी, म्हणजे आर्मी कॅडेट कॉलेज आहे. डेहराडूनला तीन वर्षं, जेएनयूची पदवी, मग आयएमएत (इंडियन मिलिटरी अकादमीत) एक वर्ष आणि थेट अधिकारी. १९६० ते १९७७ हे कॉलेज आपल्या पुण्यातच होतं.

माजी हवालदार, सातारा
साहेब, एसीसीला वयाची अट २७. आमच्याकडची पोरं भरती होऊन पलटणीत रुळेपर्यंत पंचविशी गाठतात. मला एसीसी म्हणजे काय हे कळलं तेव्हा मी तिशीत होतो.

फौजीची बायको, सांगली
तुम्ही दोघं बढतीवरच अडलात. घरी आल्यावरचं बघा ना. १५ वर्षं सेवा झालेल्या दहावी पास माजी सैनिकाला केंद्राच्या गट क पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीचं धरतात, तांत्रिक पात्रता लागत नसेल तिथे. पण खासगी नोकरीत? आमचे हे ३९ व्या वर्षी पेन्शनीत आले. मुलाखतीत तो समकक्षतेचा कागद पुढे केला, तर समोरचा विचारतो, "विद्यापीठ कुठलं?" हे गप्प बसले. त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत.

बीएड शिक्षक, नाशिक
२०२२ पासून चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या अग्निवीरांसाठी इग्नू या मुक्त विद्यापीठाची पदवी आहे, तिचे निम्मे क्रेडिट (श्रेयांक) लष्करातल्या प्रशिक्षणाचेच. त्यांच्यातले जास्तीत जास्त २५ टक्केच पुढे कायम होणार, म्हणून ती सोय गरजेची आहेच. पण अग्निवीराच्या ट्रेनिंगला क्रेडिट मिळतं, तर वीस वर्षं घासलेल्या हवालदाराच्या कॅडरला, इन्स्ट्रक्टर कोर्सला तितक्याच सहजपणे का मिळू नये?

निवृत्त सुभेदार, कोल्हापूर
हे मान्य. कोर्सला क्रेडिट द्या, ब्रिगेडमध्येच परीक्षा केंद्र काढा, ताईंच्या घरच्यांसारखी वेळ कुणावर येऊ नये. बढतीच्या गुणांना मात्र माझा विरोध कायम.

माजी हवालदार, सातारा
केंद्र ब्रिगेडमध्ये आलं, तर क्लार्क पुढे जाण्याची तुमची तक्रार उरते कुठे, साहेब?