माळावरच्या काळविटांसाठी कॅमेरा: ८० हजारांत काय घ्यावं?

टिटवी_सोलापूर

नमस्कार. मी सोलापुरात एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दुपारची ड्यूटी असली की सकाळ माझी असते. गेल्या हिवाळ्यापासून स्कूटी काढून कधी हिप्परगा तलावावर, कधी बार्शी रोडनं नान्नजकडे जाते. आतापर्यंत दुर्बीण आणि मोबाइल एवढंच होतं. आता कॅमेरा घ्यायचा आहे. पक्षी आवडतातच, पण खरं मन अडकलंय ते काळविटांत.

८० हजार बाजूला काढलेत. त्याच्या पलीकडे जाता येणार नाही. तीन पर्याय समोर आहेत:

१. निकॉन पी९५०. दुकानदार म्हणाला, "मॅडम, चंद्रावरचे खड्डे दिसतात याच्यात." लेन्स बदलायची भानगड नाही.

२. एका ओळखीच्यांचा वापरलेला निकॉन डी७५०० आणि २००-५०० मिमीची लेन्स (मिमीचा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं). मी उचलून बघितला. लेन्सच सव्वादोन किलोच्या पुढे आहे. एकत्र घेतलं तर बजेटच्या थोडं वर जातंय.

३. भाचा म्हणतो, आता डीएसएलआर (डी७५०० सारखा आत आरसा असलेला) घेऊच नको, कॅनन आर५० घे, मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा.

शिवाय एक शंका. मैत्रिणीचा कॅमेरा आणि ३०० ची लेन्स घेऊन गेले होते. सातच्या सुमाराचे फोटो बरे आले, पण दहा-साडेदहाचे सगळे मऊ, जणू पाण्यातून काढलेत. माझा हात हलतोय की लेन्स खराब आहे? आणि ६०० च्या लेन्सखाली वन्यजीवांचे फोटो होतच नाहीत असं सगळीकडे वाचते, ते कितपत खरं?

माळावरचा

ताई, तुमच्या शेवटच्या शंकेपासून सुरू करतो. कॅमेरा कुठला घ्यायचा, ते तिच्यावरच ठरतंय.

मी दुधाची गाडी चालवतो. मार्डी, अकोलेकाटी, नान्नज, वडाळा असा फेरा. अंधारात निघायचं, ऊन चढायच्या आत कॅन उतरवायचे. दोन गावांच्या मधे जो वेळ मिळतो त्यात गाडीतनंच फोटो काढतो.

तुमचा हात ठीक आहे आणि लेन्सही ठीक आहे. मऊपणा हवेचा आहे. आपला माळ मुरमाड, वर वाळलेलं कुसळी गवत, सावली कुठं नाही. ऊन लागलं की जमिनीलगतची हवा तापून वर उठायला लागते आणि तिच्यातनं येणारा उजेड वाकडातिकडा होत येतो. दुपारी डांबरी रस्त्यावर लांब पाणी दिसतंय, तोच प्रकार. डोळ्याला हे जेमतेम जाणवतंय, पण लांब लेन्स ते मोठं करून दाखवते. शटर वाढवा, ट्रायपॉड लावा, लाखाची लेन्स आणा, ते जात नाही. मधली हवा कमी करणं हा एकच उपाय. म्हणजे जनावर जवळ हवं आणि वेळ सकाळची हवी. थंडीत नऊपर्यंत चालतंय. मार्चनंतर आठ वाजताच कॅमेरा पिशवीत घाला आणि दुर्बिणीनं बघत बसा.

म्हणून पी९५० आपल्या माळाला मी सुचवणार नाही. २००० मिमीपर्यंत जातो हे खरं, पण दीडशे-दोनशे मीटरवरचं काळवीट त्यातनं काढलं की तुम्ही बहुतेक हवेचाच फोटो काढताय. त्याचा सेन्सर अगदी छोटा, आणि पूर्ण झूमला भिंग एफ ६.५ (एफचा आकडा जितका मोठा, तितका उजेड आत कमी). जेव्हा हवा स्वच्छ असते तेव्हा उजेड कमी असतो, आणि कमी उजेडात छोट्या सेन्सरवर दाणे दिसायला लागतात. आपल्याकडे ज्या वेळेला कॅमेरा लागतो, नेमकी तीच वेळ त्याच्या अडचणीची.

आता ६०० चं. थोडा हिशेब करा. डी७५०० वर ३०० ची लेन्स लावली आणि काळवीट ६० मीटरवर उभा असला, तर फ्रेमची रुंदी तिथं पावणेपाच मीटरच्या आसपास येते. नर सव्वा मीटर लांब धरा. म्हणजे तो फ्रेमचा पाव भाग व्यापतो, बाकी गवत आणि आभाळ. मला तर तोच फोटो आवडतो. शिंगांचा पीळ मोजता येईल असा चेहरा कुठल्याही प्राणिसंग्रहालयात काढता येईल. गवतात पाय रोवून उभा असलेला नर आणि मागं लांबपर्यंत उघडा माळ, हे आपल्याकडेच मिळतं. ५०० च्या लेन्सनं त्याच अंतरावर तो फ्रेमच्या निम्म्याला थोडा कमी येईल. फरक आहे, पण त्यासाठी जवळजवळ दोन किलो जास्त वजन उचलायचं.

मग ६० मीटरवर पोचायचं कसं? पाठलाग करून कधीच नाही. जागा राखणारा नर एकाच ठिकाणी परत परत लेंड्या टाकतो. माळावर फिरताना काळ्या लेंड्यांचा पसरट ढीग दिसेल, वर ताज्या, खाली सुकून पांढुरक्या झालेल्या. तो त्याच्या हद्दीचा दगड समजा. डोळ्याखाली त्याची ग्रंथी असते, ती तो आसपासच्या काडीला, गवताच्या टोकाला घासतो. फेब्रुवारी-मार्चला आणि पावसाळा सरताना हे जोरात चालतं, तेव्हा नराचा रंगही गडद काळा होतो. दुसरा नर हद्दीवर आला किंवा कळप जवळनं गेला की हा मान वर करतो, शिंगं पाठीला टेकवतो, कान खाली पाडतो, शेपटी वर वळवतो आणि पाय मोजत चालल्यासारखा चालतो. बैलगाडीच्या वाटेवरनं दिसेल असा एखादा ढीग हेरा, उजाडायच्या आत वाटेवरच थांबा, आणि त्याला येऊ द्या. तो येतोच, कारण ती जागा त्याची आहे. हे कळल्यावर मला मोठ्या लेन्सची ओढ राहिली नाही.

गाडीला जनावर फारसं बुजत नाही, उभ्या माणसाला बुजतं. इंजिन बंद ठेवा, नाहीतर थरथर फोटोत उतरते. चारचाकी असेल तर एसी आधीच बंद करून काचा खाली करा. आतली गार हवा आणि बाहेरची गरम हवा खिडकीतच मिसळली की लेन्सच्या तोंडाशीच लाटा तयार होतात. लेन्सखाली मी ज्वारी भरलेली पिशवी ठेवतो. आईनं जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा कापून शिवून दिलेली. वाळू जड होते, ज्वारी लेन्सच्या आकाराची होऊन बसते.

माझं मत विचाराल तर डी७५०० ठेवा, २००-५०० सोडा. त्याच्याबरोबर निकॉनची एएफ-पी डीएक्स ७०-३०० व्हीआर घ्या, वापरलेली चालेल. ती अर्ध्या किलोपेक्षा हलकी आहे, फोकस झटपट आणि आवाज न करता लागतो. बजेटात पैसे उरतील. भाच्याचंही चुकीचं नाही. आर५० मध्ये प्राण्याचा डोळा ओळखून धरणारा फोकस आहे आणि तो खरंच कामाचा आहे. फक्त त्याच्याबरोबर येणारी ५५-२१० पूर्ण झूमला एफ ७.१ होते, म्हणजे पहाटे अंधारी. तो घेतलात तर अडॅप्टर आणि जुनी ५५-२५० एसटीएम बघा.

उजनीकाठ

वरच्यांचं काळविटाबद्दल सगळं पटलं, पण पक्ष्यांना ३०० कमीच पडतं आणि ते ताईंना आधीच सांगायला हवं. चंडोल किंवा धाविक असे छोटे पक्षी ६० मीटरवर असले तर फ्रेममध्ये ठिपका दिसेल. भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरनं तरंगत जातो तेव्हा कधी जवळनं जातो, पण भरवसा नाही.

उजनीला प्रश्न सुटतो, कारण तिथं होडी तुम्हाला पक्ष्यांजवळ नेते. भिगवणच्या बाजूला सकाळी लवकर गेलात तर चित्रबलाक, पट्टकदंब ३०० मध्येही छान येतात. नावाड्याला आधीच सांगायचं, थव्याच्या अंगावर होडी घालू नको. काही जण रोहित (फ्लेमिंगो) उडताना मिळावेत म्हणून मुद्दाम थवा उठवायला लावतात. उथळ पाण्यात खाणं शोधत उभ्या असलेल्या पक्ष्याला असं दिवसभर उठवत राहिलं तर त्याच्या अंगात राहणार काय?

पी९५० बद्दल थोडं वेगळं मत. ज्याला फक्त पक्षी ओळखायचा आणि नोंद ठेवायची आहे, त्याला तो बरा, आणि जुन्या पी९०० मध्ये नसलेली रॉ फाइलही (नंतर उजळ-गडद करता येणारा कच्चा फोटो) यात मिळते. उडत्या पक्ष्याला मात्र तो कॅमेरा नको.

जुना_लेन्सवाला

वापरलेलं घेणार असाल तर पैसे देण्याआधी हे करा. मी लेन्स उघडून साफ करतो, रोज हेच बघतो.

मोबाइलची टॉर्च लेन्सच्या एका बाजूनं आत मारा आणि दुसऱ्या बाजूनं तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर बुरशी. ती लेन्स घेऊ नका, किती का स्वस्त असेना. चार धुळीचे कण दिसले तर घाबरू नका, सोलापुरात धूळ नसलेली झूम लेन्स मिळायची नाही. मग एफ १६ ला मोकळ्या आभाळाचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग त्यात दिसतात. शेवटचा फोटो कॉम्प्युटरवर घेऊन शटर किती वेळा चाललंय ते बघा. डी७५०० चं शटर दीड लाखापर्यंत चालेल अशा बेतानं बनवलेलं असतं. तीस-चाळीस हजार झालं असेल तर निर्धास्त घ्या. मूळ बिल मागाच.

आणि माळावर लेन्स बदलू नका. धूळ फुंकरीनं उडवू नका, थुंकीचे कण काचेवर बसतात. रबरी ब्लोअर ठेवा. मे महिन्यात बंद गाडीत किंवा डिकीत कॅमेरा ठेवून कामावर जाऊ नका. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात ठेवा.

टिटवी_सोलापूर

तिघांचेही मनापासून आभार. लेंड्यांचा ढीग मी पाहिलाय! वडाळ्याच्या अलीकडे. मला वाटलं शेळ्या बसल्या असतील.

डी७५०० आणि ७०-३०० वर मन बसतंय. ओळखीचे फक्त बॉडी द्यायला तयार आहेत का ते विचारते. दोन गोष्टी अजून. माझ्याकडे स्कूटी आहे, खिडकी नाही, मग टेकवायचं कुठं? आणि सेटिंग काय ठेवू? काळ्या पाठीवर बरोबर दिसेल असं केलं की पोट पांढरं फटक होतं.

आणि लांडगा. तो कधी दिसेल असं वाटत राहतं.

माळावरचा

स्कूटीवरनं उतरू नका ताई, हे पहिलं. बसूनच राहा, मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) पायफळीवर टेकवा. नाहीतर रस्त्याकडेच्या बांधाशी स्कूटी लावून तिच्या आड खाली बसा आणि सीटवर पिशवी ठेवा. खाली बसलेला माणूस त्यांना कमी टोचतो. खाली बसल्यावर नर आभाळावर उठून दिसतो, तो वेगळाच फायदा.

सेटिंग: पांढरं पोट सांभाळा, काळी पाठ नंतर उजळता येते. एक्स्पोजर (फोटोतला उजेड) अर्धा-पाऊण स्टॉप कमी करा आणि रॉमध्ये काढा. एकदा पोट फटक झालं की त्यातलं काही परत मिळत नाही. चालणाऱ्याला शटर १/५०० सेकंद, कळप उड्या मारत निघाला तर १/२०००. आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची ताकद) ऑटोवर टाकून वर ३२०० ची मर्यादा घाला. फोकसला एकच बिंदू वापरा, नाहीतर तो पुढच्या कुसळीलाच धरून बसतो.

ज्वारी उभी असते तोवर कळप नीट दिसत नाहीत, काढणीनंतर रानं मोकळी झाली की बघा. शेतात पाऊल टाकायच्या आधी मालकाला विचारा. त्यांच्या पिकाला काळविटांचा त्रास आहे, तो खरा आहे, आणि कॅमेरेवाल्यांनी तो ऐकून घ्यावा. नान्नजच्या अभयारण्याच्या आत मात्र वनखात्याची परवानगी घेऊनच. ते १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी झालं. आज माळढोक देशात दीडशेच्या आसपासच उरलाय, बहुतेक राजस्थानात. आपल्याकडे तो दिसणं जवळजवळ संपलंच. मला याचं फार वाईट वाटतं. माळाला पडीक म्हणायची सवय आपल्याला लागली. कुणी नांगरलं, कुणी झाडं लावली, आणि ज्या पाखराला उघडं गवत लागतं त्याला उतरायला जागा राहिली नाही. काळवीट, खोकड, पखुर्डी हे सगळे त्याच गवताचे. तुमच्या फोटोत ते गवत दिसू द्या.

लांडग्याचं धनगरांना विचारा, पण फोटोसाठी नाही, आधी नुसते बोलत बसा. त्यांच्या मेंढ्या जातात म्हणून तोटा त्यांचा, आणि माहितीही त्यांच्याकडेच. दिसला तर गाडी जागेवर थांबवा. मागं लागू नका. १९७२ च्या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत जनावर हाकणं आणि आमिष दाखवणं हेही येतं. हिवाळ्यात पिल्लं असतात, तेव्हा बिळाच्या दिशेला जायचंच नाही. फोटो टाकताना गावाचं नाव लिहू नका, मोबाइलचं लोकेशन बंद ठेवा. ग्रुपवर एक नाव पडलं की रविवारी दहा गाड्या उभ्या राहतात.

तो वडाळ्याच्या अलीकडचा ढीग कुठं आहे, तेही इथं लिहू नका. बॉडी हातात आली की कळवा, ७०-३०० माझ्या ओळखीत एकजण विकतोय. जुना_लेन्सवाल्यांना दाखवूनच घेऊ.