गोल रचण्याचं गणित शाळेत दाखवायचंय, काय साहित्य घेऊ? (बजेट ८०० रु.)

सई_क: नमस्कार मंडळी. २२ डिसेंबरला, राष्ट्रीय गणित दिनी, नववी-दहावीच्या मुलांसमोर अर्धा तास बोलायचंय. विषय: एकसारखे गोल दाटीने कसे रचायचे. यात शुद्ध गणित, धातू आणि संदेशवहन तिन्ही येतात. मुलांच्या हातात देता येईल असं काय घेऊ? शाळा मराठी माध्यमाची, ८०० च्या वर जमणार नाही.

भाऊ_नाशिककर: चुंबकी गोळ्यांचा संच, डोळे झाकून. मी साडेतीन हजारांचा घेतला, लेकीची अख्खी दिवाळीची सुट्टी त्यात गेली. एकदाच घ्यायची वस्तू, पैशाकडे बघू नका.

रेणुका: चुंबकी नकोच. दोन गिळल्या गेल्या तर आतडी चिमटतात, थेट ऑपरेशन. शिवाय ध्रुव जुळतील तिथेच चिकटतात, हवी ती रचना होत नाही. काचेच्या गोट्या आणि बरणी घे. गोट्या ओत, मग मापाने पाणी घाल. मावलं तेवढं पाणी म्हणजे पोकळी. नुसत्या ओतलेल्या गोट्या साधारण ६४ टक्के जागा व्यापतात, शिस्तीत थर लावले तर ७४. बरणी रुंद घे, कडेला जागा वाया जाते.

प्रमेय: ७४.०५ हीच कमाल असं केप्लर १६११ मध्ये म्हणाला, सिद्ध केलं नाही. गणितज्ञ हेल्सने १९९८ मध्ये संगणक लावून केलं, तर परीक्षक म्हणाले ९९ टक्के खात्री आहे. ही काय सिद्धता झाली?

जोशीकाका: अहो, २०१४ मध्ये हेल्सच्याच गटाने पायरी न् पायरी यंत्राकडून तपासून घेतली ना!

प्रमेय: माणसाला वाचून कळत नाही, ते मी मुलांना सांगणार नाही.

तांबट: धातूतले अणूही गोलांसारखे थरांत रचलेले असतात. रचना तीच ७४ टक्क्यांची, पण थरांचा क्रम बदलला की धातूचा स्वभाव बदलतो. तांब्यात तिसरा थर वेगळ्या खाचांत बसतो, चौथा पुन्हा पहिल्यावर. थर घसरायला दिशा भरपूर, म्हणून पुण्याच्या तांबट आळीत पत्रा ठोकून घंगाळ होतं. मॅग्नेशियममध्ये तिसराच थर पहिल्यावर येतो. थंड ठोकाल तर तडकेल. गोट्यांनी दोन्ही क्रम दाखवा.

मिहीर_पी: थ्रीडी प्रिंटर घेऊन टाका. पंचवीस हजारांत चांगला येतो, मी वापरतोय.

भाऊ_नाशिककर: माझ्या संचाला काही झालेलं नाही. मोठी मुलं गिळत नसतात.

लहरी: टेलिकॉममध्ये आहे म्हणून सांगतो. पाठवलेला संदेश हा बिंदू, गोंगाटाने तो जिथवर सरकेल तो त्याच्याभोवतीचा गोल. गोल एकमेकांत घुसले नाहीत, तर घेणाऱ्याला मूळ संदेश ओळखता येतो. जितके गोल मावतील तितके संदेश. फक्त मिती तीन नसतात, कितीतरी जास्त असतात. व्हॉयेजर यानांनी गुरू-शनीचे रंगीत फोटो गोले (Golay) नावाच्या माणसाच्या, चुका दुरुस्त करणाऱ्या कोडने पाठवले. त्यात एका संदेशात २४ बिट, म्हणजे ० किंवा १: १२ बिट माहितीचे, तीन चुकले तरी दुरुस्त. २४ मितींतली सर्वांत दाट रचना त्याच कोडमधून उभी राहते. ती सर्वांत दाट आहे हे २०१६ मध्ये सिद्ध झालं. त्याआधी आठ मितींचं गणितज्ञ मारिना व्याझोव्स्काने एकटीने केलं होतं, २०२२ मध्ये तिला फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला मोठा सन्मान, मिळालं.

रेणुका: सुंदर, पण दहावीला २४ मिती नको गं सई. गोट्याच घे.

जोशीकाका: मीही तेच म्हणतो, गोट्या.

सई_क: सर्वांचे आभार. गोट्या नाही घेत, काहीच विकत घेत नाही. जमिनीवर एकमेकांना छेदणारी तीन वर्तुळं काढणार, सात भाग होतात, प्रत्येकात एक मूल. सामाईक भागांतली चौघं मनाला येईल तसा हात वर किंवा खाली ठेवतील. बाहेरची तिघं असे ठेवतील, की प्रत्येक वर्तुळात वरच्या हातांची संख्या सम येईल. मग मी पाठ फिरवायची, कुणीतरी एकाने हात बदलायचा. कुठल्या वर्तुळांत संख्या विषम झाली ते बघून मी त्याला ओळखणार. हात वर म्हणजे १, खाली म्हणजे ०; हा १९५० चा हॅमिंग कोड, एक चूक शोधून दुरुस्त करणारा. आठवं मूल घालून एकूण हातही सम केले, की त्यातून व्याझोव्स्काने सर्वांत दाट म्हणून सिद्ध केलेली आठ मितींची रचना निघते, हे शेवटी सांगेन. लहरी, बरोबर ना?

लहरी: अगदी बरोबर. पण आठवं मूल आलं की दोघांनी हात बदलून बघा. कुणी बदलले ते सापडणार नाही, पण गडबड झालीय हे कळतं.

सई_क: हेही घेते. सभागृहात गुळगुळीत फरशी आहे, खडू उठेल का?

रेणुका: नाही उठत. रंगीत चिकटपट्टी लाव.