नंबर कधी लागणार? नाशिकमधल्या सरकारी-खासगी दवाखान्यांचे अनुभव इथे लिहा

गेल्या महिन्यात सासऱ्यांना हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. आठवडाभर आधी फोन करून सकाळी साडेअकराची वेळ घेतली. आत बोलावलं तेव्हा जेवणाची वेळ उलटून गेली होती, आणि पाच मिनिटांत आम्ही बाहेर. फी मात्र आल्या आल्याच घेतली होती. त्याच दिवशी आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताई बीपी वाढलं म्हणून त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला गेल्या होत्या. केस पेपर, ईसीजी, गोळ्या, सगळं उरकून संध्याकाळच्या पोळ्यांना हजर. पैसे लागले ते फक्त रिक्षाचे. घरात हे सांगितलं तर नवरा म्हणाला, एका दिवसावरून काय ठरवतेस? तेही खरंच. म्हणून हा धागा.

"सरकारी चांगलं की खासगी" हा वाद नको, तो आपल्याकडे दर लग्नात जेवताना होतोच. तुम्ही कुठे थांबलात, कशासाठी थांबलात आणि थांबून काय मिळालं, एवढं लिहा. अनुभव चांगला असेल तर नाव जरूर टाका. तक्रार असेल तर नाव नको, पुन्हा त्यांच्याच दारात जायची वेळ येते आपल्यावर. आणि कृपा करून कोणी डॉक्टरांचे मोबाइल नंबर मागू नका.

– इंदिरानगर

सातपूर

कारखान्यात आहे, ईएसआय (कामगार विमा) कापला जातो. आमच्या पगारातून पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. लोकांना वाटतं विम्याचा दवाखाना म्हणजे फुकट. फुकट कसला, दर महिन्याला भरतोय की. औषधं मिळतात, मोठं काही निघालं तर बाहेरच्या दवाखान्यात पाठवायची चिठ्ठीही मिळते. पण त्या चिठ्ठीवर सह्या होईपर्यंत जो वेळ जातो तो माझ्या शिफ्टमधून जातो. पहिल्या पाळीला असलं की अख्खा दिवस बुडतो. आजारपणाची रजा लांबली तर पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते, वर्षाला 91 दिवसांपर्यंत, पण ते विम्याच्या डॉक्टरांनी आजारी म्हणून सर्टिफिकेट दिलेल्या माणसाला. नुसत्या तपासणीला ताटकळणाऱ्याला कोण देतंय?

आणखी एक गंमत. पगार 21 हजारांच्या वर गेला की चालू सहामाही संपल्यावर कपात बंद, आणि पुढे काही महिन्यांनी विमाही बंद. आमच्यात एकाला बढती मिळाली, पेढे वाटले, आणि मग बायकोच्या थायरॉइडच्या गोळ्या मेडिकलमधून आणायला लागला.

पेठ तालुका (शिक्षक)

शहरातल्या लोकांनी एक अनुभव वाचावा. पावसाळ्यात आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या पायाला घोणस चावली. वाडीतल्या दोघा-तिघांनी आधी भगताकडे न्यायचं काढलं. आशाताईंनी त्यांचं काही चालू दिलं नाही. मोटरसायकलवर मध्ये बसवून सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं.

तिथे केस पेपर नाही, नंबर नाही. डॉक्टर तरुण होते, नुकतेच रुजू झालेले. त्यांनी काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, वीस मिनिटं कोणी हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नव्हतं. म्हणजे विष भिनलेलं. लगेच सलाईनमधून प्रतिविष सुरू केलं आणि 108 बोलावली. सावळ घाट पार करून सिव्हिलला पोचलो तर तिथेही कोणी "आधी पैसे भरा" म्हणालं नाही. पोरगा शाळेत परत आलाय, लंगडत नाही.

याच प्रतिविषाच्या एकेका कुपीला बाहेर शेकड्यांत पैसे पडतात आणि कुप्या लागतात आठ-दहा, कधी त्याहून जास्त. साप चावला तर खासगी दवाखाने शोधत फिरू नका, एवढंच सांगायचंय. नळीतलं रक्त गोठायची वाट बघितली ती वीस मिनिटं सोडली तर आम्ही कुठेही थांबलो नाही.

गंगापूर रोड (रिसेप्शनवर आहे)

आता शिव्या खायची पाळी माझी, म्हणून आधीच लिहिते.

तुम्हाला साडेअकराची वेळ देतो तेव्हा तीच वेळ आणखी चौघांना दिलेली असते. कारण त्या पाचांतले दोघं येत नाहीत, न येणारे फोनही करत नाहीत. ज्या दिवशी पाचही येतात त्या दिवशी मी शिव्या खाते. आमचे सर तीन ठिकाणी ऑपरेशनं करतात. एखादं लांबलं की इथली सगळी यादी पुढे सरकते, आणि "सर निघालेत" हे वाक्य मला म्हणावंच लागतं. निघालेत की नाही, मलाही माहीत नसतं. मग "फक्त रिपोर्ट दाखवायचाय" वाले. रिपोर्ट दाखवताना गुडघेदुखी, मुलीची ॲलर्जी आणि भाच्याची नीटची परीक्षा, सगळं निघतं. त्यातच औषध कंपनीचा एखादा एमआर बॅग घेऊन आत जातो आणि बाहेरच्या बाकावरच्या सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळतात.

अपॉइंटमेंटला एसटीचं रिझर्वेशन समजू नका. खरंच घाई असेल तर दिवसाचा पहिला नंबर मागा. तो मिळायला थोडे दिवस जास्त लागतात, पण त्या वेळेपर्यंत काही लांबलेलं नसतं.

इंदिरानगर (धागाकर्ती)

ताई, शिव्या नाही, आभार. "सर निघालेत" ऐकून मीही त्या दिवशी निमूट बसले होते.

सिन्नर

दाजींना रात्री छातीत दुखायला लागलं. द्राक्षाची छाटणी चालू होती, दिवसभर बागेत होते, त्यामुळे आधी सगळ्यांना वाटलं दमलेत. नाशिकला ज्या मोठ्या खासगी दवाखान्यात नेलं तिथे काउंटरवर पहिला प्रश्न मेडिक्लेमचा. नाही म्हटल्यावर डिपॉझिट. सरकारी योजनेचं विचारलं तर "पांढऱ्या रेशनकार्डाला योजना नाही."

हे चूक आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पूर्वी मुख्यतः पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांना होती आणि मर्यादा दीड लाखाची होती. 1 जुलै 2024 पासून ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. आमच्या भाच्यानं तिथेच काउंटरवर 155388 ला फोन लावला, स्पीकर ऑन करून. मग आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघणारे, कुठल्याशा टेबलामागून उगवले. तोवर ते "जेवायला गेलेत" असं सांगत होते. रात्री दीड वाजता!

इमर्जन्सीत कागद पूर्ण नसले तरी फोनवरून तात्पुरती मंजुरी मिळते, कार्ड-आधार नंतर देता येतं. अँजिओप्लास्टी त्याच रात्री झाली. डॉक्टर उत्तम होते, त्यांच्याबद्दल एक शब्द वाकडा नाही. पण डॉक्टर वरच्या मजल्यावर हात धुऊन तयार आणि पेशंट खाली काउंटरपाशी स्ट्रेचरवर, हा जो मधला वेळ गेला तो विसरता येत नाही. दवाखान्याला योजनेचे दर कमी पडतात, पैसे उशिरा येतात, हे मला कळतं. त्यांनी ते सरकारशी भांडावं.

एक लक्षात ठेवा: दवाखाना योजनेत असला तरी प्रत्येक आजारासाठी असतोच असं नाही. घरात हृदयाचा, किडनीचा पेशंट असेल तर आपला आजार जवळच्या कुठल्या दवाखान्यात बसतो ते आजच विचारून ठेवा.

सिडको

कुत्रा चावला. महापालिकेच्या दवाखान्यात गेलो. जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवायला लावली, मग दोन्ही दंडांवर कातडीत बारीक सुया. पहिला दिवस शून्य धरायचा, मग तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा. सगळं फुकट. रांग होती, पण सगळेच कुत्र्याचे, त्यामुळे गप्पा चांगल्या झाल्या.

कॉलेज रोड

सगळ्यांचं सरकारी प्रेम बघून बरं वाटलं, पण मला पटत नाही. आईच्या पाठीच्या एमआरआयला एका सरकारी दवाखान्यात जी तारीख दिली ती ऐकून मी कॅलेंडरचं पान उलटलं. आई रात्र रात्र झोपत नव्हती. त्याच संध्याकाळी खासगीत काढला, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट हातात. पैसे गेले, जाऊ दे. आणि स्वच्छतागृहाबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? म्हातारं माणूस तीन तास बसवायचं तर त्याला तिथे जावं लागतं. आई सकाळपासून पाणीच प्यायली नव्हती, त्या भीतीनं. हे तुमच्या हिशोबात धरणार की नाही?

निवृत्त परिचारिका, नाशिकरोड

कॉलेज रोडच्या दादांचं सगळं खरं आहे. मी हे आतून बघितलंय, नाकारणार नाही.

एमआरआयचं असं असतं: मशिन एक, आणि वॉर्डातले ॲडमिट पेशंट, अपघाताचे, डोक्याला मार लागलेले आधी. बाहेरून चालत आलेल्याला उरलेली तारीख. त्यात जिल्ह्याचं सिव्हिल म्हणजे सुरगाणा, पेठ, इगतपुरी, त्र्यंबक सगळीकडून रेफर केलेले. पहाटेच्या एसटीनं निघून ठक्कर बाजारला उतरून चालत येतात बिचारे. त्यांना "उद्या या" म्हणणं म्हणजे आणखी एक रोज बुडवणं, हे आम्हालाही कळायचं.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी, उपचार सगळं मोफत झालं. चांगलंच झालं. पण फी गेली म्हणून टेबलं वाढली नाहीत, आणि गर्दी तर वाढणारच होती. 2024 ला नाशिकला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय, त्यातून पुढे हात वाढतील अशी आशा आहे.

तोवर तुमच्या हातात असलेलं सांगते. सोमवारी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी जाऊ नका. साखरेची रिकाम्या पोटीची तपासणी असेल तर डबा बरोबर न्या. जुना केस पेपर फेकू नका, त्यावरच्या नंबरावरून जुन्या नोंदी सापडतात. केस पेपरच्या खिडकीजवळ क्यूआर कोड लावलेला असेल तर आभा या सरकारी आरोग्य ॲपवरून स्कॅन करा, नाव-पत्ता सांगायची रांग टळते. म्हाताऱ्यांची वेगळी रांग असेल तर तिथे उभे राहा, लाजू नका. आणि सिस्टरशी नीट बोला हो. एका टेबलावर दोनशे माणसं संपवल्यावर तिचाही आवाज चढतो.

अंबड

डायलिसिसबद्दल कोणी लिहिलं नाही. भाऊ आठवड्यातून दोनदा जातो, एका वेळी चार तास. योजनेत होतं, त्यामुळे पैशाचा प्रश्न नाही. प्रश्न जागेचा होता. एका मशिनवर दिवसाला ठरावीक माणसं, आणि ती माणसं कायमची. यादीत नाव घालून घेतलं आणि म्हणाले जागा झाली की कळवतो. जागा कशी होणार, ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. तोवर खासगीत पैसे भरून करत होतो, घरातलं सोनं त्यातच गेलं. फोन आला तेव्हा वहिनी रडली. आनंदानं म्हणाली, पण दिवसभर जेवली नाही.

पाथर्डी फाटा

मेडिक्लेमवाल्यांनी हसू नये म्हणून लिहितो. गॉल ब्लॅडरचं ऑपरेशन, कॅशलेस, एसी खोली. डॉक्टर सकाळी राऊंडला येऊन "आज घरी जा" म्हणाले. घरी पोचलो तेव्हा सोसायटीचं गेट बंद व्हायची वेळ झाली होती. दिवसभर काय? तर बिल टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने बिलं तपासणाऱ्यांकडे) गेलंय, टीपीएनं एक प्रश्न विचारलाय, ज्या डॉक्टरांनी उत्तर द्यायचं ते ओटीत आहेत. विमा नियामकाचा 2024 चा नियम सांगतो की डिस्चार्जची विनंती आल्यापासून तीन तासांत कंपनीनं अंतिम मंजुरी द्यायची, उशिरामुळे बिल वाढलं तर ते कंपनीनं सोसायचं. मी हे काउंटरवर सांगितलं. उत्तर मिळालं की तीन तास आम्ही फाईल पाठवल्यापासून धरतात, आणि फाईल अजून पाठवायचीय.

थांबलो मीही, फक्त गादी चांगली होती.

मखमलाबाद

मुलाला ऐकू कमी येतं. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ठरलेल्या वारी सरकारी रुग्णालयातच जावं लागतं, कानाच्या डॉक्टरांचा खासगी रिपोर्ट कितीही महागाचा असो, बोर्डासमोर तो फक्त जोडायचा कागद. तिथल्या बाकावर गाडीतून आलेले आणि पिशवीत भाकरी बांधून आलेले, सगळे शेजारी शेजारी. एक बाई हरसूलहून मुलीला घेऊन आल्या होत्या, त्यांचा नंबर माझ्या मागे होता. शेवटची गाडी चुकेल म्हणून मी त्यांना पुढे सोडलं तर मागून तिघांनी आरडाओरडा केला.

देवळाली कॅम्प

एक प्रश्न. आम्ही योजनेतल्या कुठल्याच आजारात बसत नाही, मेडिक्लेम नाही, आणि ट्रस्टच्या दवाखान्याने मोठं एस्टिमेट दिलंय. काही करता येतं का?

गंगापूर रोड (रिसेप्शनवर आहे)

येतं. दवाखाना धर्मादाय म्हणून नोंदलेला असेल तर 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या 41 कक कलमाखाली. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन थेट दवाखान्यातल्या समाजसेवकांना भेटा. बिलिंगच्या खिडकीवर विचारत बसू नका, तिथे "खाटा भरल्यात" एवढंच ऐकायला मिळेल. नाही म्हणाले तर लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयात तो कागद दाखवा.

देवळाली कॅम्प

धन्यवाद ताई. उद्याच जातो.

निवृत्त परिचारिका, नाशिकरोड

उद्या सोमवार आहे. तहसीलमधला उत्पन्नाचा दाखला आधी काढून घ्या, मंगळवारी जा.