चमकणारं पाणी कोणी पाहिलंय का? अनुभव लिहा

पूर्णाकाठची
काल वादळात लाईन गेली ती अजून आली नाही. रात्री ओट्यावर बसले होते, तर धुऱ्यावरच्या बाभळीत चार-पाच काजवे दिसले आणि बाबांची तिफण (तीन दात्यांचं पेरणीचं अवजार) आठवली. वावरातली नाही, पाण्यातली.

जानेवारी 2018. संक्रांत होऊन दोन-तीन दिवस झालेले, अमावास्येची रात्र. बाबांना अंदमानला नेलं होतं. सेल्युलर जेल बघायचं हे त्यांच्या मनात कितीतरी वर्षं होतं, आणि तोवर त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर पहिल्यांदा काय केलं, तर ओंजळीत पाणी घेऊन चाखलं. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं, जमिनीखालचं पाणीच खारं. म्हणाले, "आपल्या बोरच्या पाण्यापेक्षा लय खारं हाये, पण वाण तोच."

मग बोटीनं हॅवलॉक बेटावर गेलो. (त्याच वर्षाच्या शेवटी त्याचं नाव स्वराज द्वीप झालं.) तिथं हिवाळ्यात साडेपाचलाच अंधार पडतो. घड्याळ आपलंच, पण बेट पार पूर्वेला. जेवण झाल्यावर मुक्कामाच्या ठिकाणचा एक बंगाली पोरगा म्हणाला, आज चंद्र नाही, पाण्यात पाय घालून बघा.

पाय घातला आणि घोट्याभोवती उजेड झाला. निळा म्हणावा तर तितका निळा नाही. जुनी ट्यूबलाईट लागायच्या आधी लुकलुकते ना, तसा. पाऊल हललं की उजेड, थांबलं की काळं पाणी. ओल्या वाळूवर पाय दाबला तरी कडेनं ठिणग्या.

बाबा धोतर खोचून उकिडवे बसले. हाताची तीन बोटं पाण्यात घातली आणि हळूच मागं ओढली. पेरणीच्या ओळींसारखी तीन तासं उजळली आणि विझली. "पाय व माय (बघ गं), तिफण!" परत ओढली. परत. माझ्या लहानपणी ते तिफण हाकायचे आणि आई चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या तोंडावर, मूठ धरायची, तेव्हा जशी मान खाली असायची तशीच. मी मागं उभी राहून "चला आता, सर्दी होईल" म्हणत होते. का म्हणत होते कोण जाणे. अजून थोडं बसू द्यायला हवं होतं.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. आमच्याकडं आता पेरणी ट्रॅक्टरनंच होते. तुमच्यापैकी कोणी असं पाणी पाहिलं असेल तर लिहा. मला वाचायचंय.

वरुडची संत्री
ताई, डोळ्यात पाणी आलं. फोटो असेल तर टाका ना.

पूर्णाकाठची
नाही गं. मोबाईलनं काढले तेवढे सगळे काळे आले. बाबांचा तर एकही नाही त्या रात्रीचा.

प्रयोगवही
फोटो आला नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. जे गर्द निळे फोटो फिरतात ते कॅमेऱ्याची झडप कितीतरी सेकंद उघडी ठेवून काढलेले असतात. अंधारात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाही, म्हणून प्रत्यक्षात ते फिकट, पांढरट दिसतं. तुम्ही ट्यूबलाईट लिहिलंत ते अगदी खरं आहे.

मी ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं लांबवतो. हा उजेड एकपेशीय जीवांचा. त्यातला एक प्रसिद्ध प्रकार नॉक्टिल्यूका, खसखशीच्या दाण्याएवढा किंवा त्याहूनही लहान. पेशीत ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं, ल्युसिफरेज हे विकर (एन्झाइम) ते ऑक्सिजनशी जोडून देतं आणि उजेड पडतो. उष्णता जवळजवळ नाहीच. पाणी हललं की पेशीवर ताण येतो आणि ती चमकते, बहुतेकांची चमक सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी. बाबांची तासं म्हणजे अशा हजारो चमका एकामागून एक. बरेचसे प्रकार दिवसा ढवळले तरी चमकत नाहीत, त्यांना रात्र कळते.

चमकायचं कशाला, तर बारके खाणारे दचकून पळतात. दुसरं असं मानतात की, चोर घरात शिरल्यावर आपण दिवा लावून गाव गोळा करतो तसं आहे. उजेड पाहून मोठा मासा येतो आणि खाणाऱ्यालाच खातो.

साकोलीकर
सर, आमच्या मालगुजारी तलावात का नाही मग हे? लहानपण बोडीवर (छोट्या तलावावर) गेलं, रात्री ढिवर (मासेमार) लोकांसोबत जाळ्यावर जायचो, कधी काही चमकलं नाही. मासे मात्र बम.

प्रयोगवही
गोड्या पाण्यात हे जवळजवळ नाहीच. न्यूझीलंडच्या ओढ्यांत एक बारीक गोगलगाय चमकते, तिचं नाव लॅटिया. बाकी सगळा कारभार खाऱ्या पाण्यातला.

साकोलीकर
म्हणजे खारपाणपट्टेवाल्यांचा नंबर आमच्या आधी लागला असता 🙂

डेकवरून
मी आर्वीकडचा, मालवाहू जहाजावर नोकरी. घरचे अजून विचारतात, पाण्यात दिसते काय रोज रोज? हे दिसतं. हिवाळ्यात अरबी समुद्रात रात्री जहाजामागची लाट पार दूरवर उजळलेली असते. एकदा जहाजाच्या नाकाशी डॉल्फिन आले. डॉल्फिन दिसत नव्हते, त्यांच्या आकाराचा उजेड पळत होता. ड्यूटीवर होतो, कोणाला उठवून दाखवता आलं नाही.

दुधाळ समुद्र ही वेगळी गोष्ट. तो जीवाणूंचा उजेड, ढवळावं लागत नाही, सगळं पाणी सलग पांढरं राहतं. मी पाहिलेला नाही. 1995 साली सोमालियाजवळ एका जहाजानं त्याची नोंद केली, आणि पुढं शास्त्रज्ञांनी जुनी उपग्रहचित्रं तपासली तर तोच पट्टा सापडला, 15,400 चौरस किलोमीटर. आपला अख्खा अमरावती जिल्हा त्यात मावून जागा उरेल. मला एकदा बघायचाय तो.

हिंगणघाटची वहिनी
आम्ही लक्षद्वीपला गेलो होतो. परवाने काढले, कोचीहून आगत्ती, तिथून नावेनं बंगाराम बेट. बंगाराम याच्यासाठीच प्रसिद्ध. आणि गेलो कधी, तर कोजागिरीच्या आसपास! चांदणं टिपूर, पाणी दिवसासारखं दिसत होतं. चमक काही दिसली नाही. यांना वाटलं होतं पौर्णिमेला छान दिसेल. इतका पैसा जमवून गेलो होतो, परतीच्या नावेत मी बोललेच नाही.

पूर्णाकाठची
अरेरे वहिनी. आम्हालाही काही माहीत नव्हतं हो, अमावास्या आपोआप जुळून आली. परत जा, अमावास्या धरून जा.

हिंगणघाटची वहिनी
आता पोट्ट्याचं बारावीचं वर्ष. बघू.

वरुडची संत्री
बारावीला कुठं टाकलं वहिनी? माझ्या भाच्यासाठी बघतोय आम्ही, होस्टेलचं जेवण कसं आहे तेवढं सांगा.

धारणीचा
आमच्या मेळघाटात पावसाच्या तोंडावर काजवे एवढे की झाडं लुकलुकतात. पण ते आपणहून लुकलुकतात, त्यांना हात लावावा लागत नाही. पाण्यावर बोटानं रेघ काढता येते हे वाचून लय वेळ बसून राहिलो. घरी सांगितलं तर पोरगी भगुण्यात पाणी घेऊन बोटं फिरवत बसली.

डेकवरून
एवढ्या लांब जायलाच पाहिजे असं नाही. आपल्या कोकणातही हिवाळ्यात दिसतं, 2020 च्या नोव्हेंबरात तर मुंबईत जुहूला दिसलं होतं. पण भरवसा नसतो, आज आहे उद्या नाही.

प्रयोगवही
बरोबर. आणि फार झालं तर ते चांगलं लक्षण नव्हे. नॉक्टिल्यूका माजला की पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो, त्याच्या पेशीत अमोनियाही साठतो, माशांना त्रास. अरबी समुद्रात हिरवा नॉक्टिल्यूका गेल्या वीसेक वर्षांत पुष्कळ वाढलाय. माझ्या मुलांना मी दोन्ही सांगतो, सुंदर आहे हेही आणि हेही.

तुरीची डाळ
मी साठीची. समुद्र पाहिलाच नाही. माझ्यासारखीला जमेल का हो? गुडघे दुखतात. बियाणं आणायला रांगेत उभी आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

पूर्णाकाठची
का नाही जमणार काकू? बाबा तेव्हा बहात्तरचे होते. नागपूरहून जीटी एक्सप्रेसनं चेन्नई, तिथून विमान. जहाजही आहे, पण त्याला अडीच-तीन दिवस लागतात, तुम्हाला नको. होडीत वगैरे बसायचं नाही, काठालाच पाय घालायचे. खाली बसायला एक प्लास्टिकचा पाट न्या, उकिडवं बसायची गरज नाही. आणि वाळूत चप्पल काढा.

तुरीची डाळ
पाट घरचाच नेईन. जानेवारीत कापूस वेचणी असते, पण अमावास्या बघून ठेवते. थांब, माझा नंबर आला.

पूर्णाकाठची
सावकाश घ्या काकू. पिशवी फोडायच्या आधी बिल जपून ठेवा. आमच्याकडं लाईन आली आत्ता, मोटार लावून येते.