मदत हवी आहे : दुपारी चिलर हाय प्रेशरवर ट्रिप होतोय (मिरज)

मंडळी, मिरजेतल्या एका हॉस्पिटलच्या चिलर प्लांटवर (एसीसाठी पाणी थंड करणारी यंत्रणा) नवीन रुजू झालोय. १०० टीआरचा (टन रेफ्रिजरेशन, म्हणजे थंड करायची क्षमता) वॉटर कूल्ड स्क्रू चिलर, गॅस आर-१३४ए, कूलिंग टॉवरला (कंडेन्सरचं तापलेलं पाणी हवेने गार करणारा) बोअरचं पाणी. दुपारी दोननंतर फुल लोडवर हाय प्रेशर ट्रिप येतो. ट्रिपआधीची रीडिंग : कंडेन्सरला (जिथे गॅस द्रव होतो) पाणी आत ३६ अंश, बाहेर ४१, डिस्चार्ज प्रेशर १२.२ बार. ऑपरेटर म्हणतात उन्हाळा आहे, चालायचंच. कटआउटचं (किती प्रेशरला मशीन बंद पडावं त्याचं) सेटिंग वाढवू का?

प्रतिसाद १
सेटिंगला अजिबात हात लावू नका, आणि ट्रिप नुसता रिसेट करत बसू नका. दोष उन्हाचाही नाही. आपल्याकडे एप्रिलची हवा कोरडी असते. ३९ अंश आणि २५ टक्के आर्द्रता धरली तर वेट बल्ब (ओल्या वातीच्या थर्मामीटरचं तापमान, टॉवरचं पाणी याहून गार होत नाही) २३ च्या आसपास येतो. थर्मामीटरच्या टोकाला ओली वात गुंडाळून वारा घाला, तिथेच कळेल. एवढ्या हवेत चांगल्या टॉवरने २८-२९ चं पाणी द्यायला हवं. तुमचा ३६ देतोय, म्हणजे टॉवर आजारी आहे.

आता कंडेन्सर. १२.२ बारला हा गॅस साधारण ५० अंशांवर द्रव होतो. पाणी ४१ ला बाहेर पडतंय, म्हणजे अप्रोच (या दोन तापमानांतला फरक) ९. स्वच्छ ट्यूबला तो १-२ असतो, ३ च्या वर गेला की सफाई काढायची. आत-बाहेर फरक मात्र ५ चा आहे, तेव्हा फ्लो ठीक. पंप आणि स्ट्रेनर उघडण्यात दिवस घालवू नका.

दोन्हीकडे एकच कारण दिसतंय : क्षार.

प्रतिसाद २
सहमत. टॉवरवर आधी फॅनची दिशा बघा. मोटर रिवाइंड होऊन आली की फेज उलटे लागतात, फॅन फिरताना दिसतो पण हवा वर फेकत नाही. मग बेल्ट, नोझल, फिल (पाणी पसरवणारे टॉवरमधले पत्रे).

ट्यूबला नायलॉन ब्रश, तारेचा नको. खपली कडक असेल तर इनहिबिटर (धातू वाचवणारं रसायन) घातलेलं सल्फॅमिक ॲसिड फिरवा, शेवटी सोडा ॲशने न्यूट्रल करा. बाजारातलं साधं हायड्रोक्लोरिक तांब्याच्या ट्यूब खातं. एंड कव्हर उघडलं की गॅस्केट नवीनच टाका.

पण ब्लोडाऊन (क्षार साचलेलं पाणी थोडं थोडं सोडून देणं) नसेल तर सगळं पुन्हा साचेल. १०० टीआरला फुल लोडवर तासाला साधारण ६५० लिटर पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात. बेसिनचा टीडीएस (विरघळलेले क्षार) मेकअपच्या (भर घातलेल्या ताज्या पाण्याच्या) तिप्पट ठेवायचा तर तासाला ३२५ लिटर सोडावं लागतं. सॉफ्टनर (पाण्याची हार्डनेस काढणारं यंत्र) असेल तर रोज आउटलेटची हार्डनेस तपासा. मीठ संपलेला सॉफ्टनर म्हणजे नुसती टाकी.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. फॅनची दिशा बरोबर आहे, फिलवर पांढरा थर आहे. जेटने धुऊ का? आणि सफाईसाठी मेन ब्रेकर पाडला तर चालेल?

प्रतिसाद १
जुनी पीव्हीसी फिल जेटने तुटते आणि तुकडे नोझलमध्ये जातात. थर जाड असेल तर फिल बदला. टॉवरमध्ये उतरताना मास्क हवाच. हॉस्पिटल आहे, लेजिओनेला (न्यूमोनिया करणारा जिवाणू) तिथल्याच फवाऱ्यातून पसरतो, बायोसाइडची (जंतुनाशकाची) नोंद रोज ठेवा.

ब्रेकर पाडावा लागलाच तर ऑइल हीटर चालू करून २४ तास थांबा, मगच चिलर सुरू करा. थंड तेलात गॅस विरघळतो, स्टार्टला फेस येतो, बेअरिंगला तेल मिळत नाही. सफाईनंतर पहिल्या दिवशीचा फुल लोडवरचा अप्रोच पॅनेलच्या दारावर लिहून ठेवा. पुढची तुलना त्याच आकड्याशी.