कपडा टिकाऊ आहे आणि नीट शिवलेला आहे, हे हातात घेतल्यावर कसं ओळखायचं?

निळी_सावली
कपडे कमी घ्यायचे, पण घेईन ते बरीच वर्षं वापरता येतील असेच, असं ठरवलंय. आजकाल ज्याच्या त्याच्या लेबलावर 'इको', 'ऑरगॅनिक', 'बांबू' असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि महागातला शर्टसुद्धा कधीकधी थोड्याच धुण्यांत उसवतो. मला शिवणकाम येत नाही. नेमकं काय बघू? आणि कोणत्या शिक्क्यावर विश्वास ठेवू?

उलट_टीप
आधी कपडा उलटा करा. बाहेरून सगळेच चांगले दिसतात, खरं काम आतल्या बाजूला कळतं. शिवणीला माया, म्हणजे टाक्यांच्या बाहेर राखलेलं कापड, किती सोडली आहे ते बघा. घाईच्या मालात ती जेमतेम ओव्हरलॉकच्या (कडेचे धागे सुटू नयेत म्हणून मशीनने घातलेल्या गुंफणीच्या) दोऱ्याएवढी असते. जरा ताण पडला की कापड शिवणीतून निसटतं, आणि पुढे कपडा सैल करायलाही जागा उरत नाही.

मग टाके मोजा. शर्टाच्या बाजूच्या शिवणीत इंचाला १०-१२ टाके असले तर उत्तम, ७-८ म्हणजे उरकलेलं काम. शिवणीच्या दोन्ही बाजू धरून हलकेच ओढा. फट पडून आतला दोरा दिसला तर तो कपडा परत ठेवा. कड आत दुमडून दुहेरी टीप मारलेली असेल, कच्ची कड कुठेच दिसत नसेल, तर शिवणाऱ्याला वेळ दिला गेला होता. मला स्वतःला ही एकच खूण बाकी सगळ्यांपेक्षा जास्त सांगून जाते.

काजं दाट विणलेली हवीत, सुटे धागे लोंबायला नकोत. चौकडीचं कापड असेल तर खिशावरच्या रेषा अंगाच्या रेषांशी जुळतात का बघा. जुळवायला कापड जास्त लागतं, म्हणून काटकसर पहिल्यांदा तिथेच होते. टी-शर्ट सपाट पसरा. बाजूची शिवण आत्ताच पोटाकडे वळलेली असेल तर धुतल्यावर आणखी फिरेल.

जाडाभरडा
शिवणीचं वरती आलंच आहे, मी कापडाचं सांगतो. उजेडासमोर धरा. गिरणीच्या कापडात विरळ पट्टे दिसले तर ते लवकर विरतं. हातमागाच्या कापडाला हा नियम लावू नका, तिथे धागा थोडा जाडबारीक असणारच, तो दोष नव्हे.

नव्या कपड्याच्या मऊपणावर भाळू नका. पृष्ठभाग घासून लव उभी केली की कापड लोण्यासारखं लागतं, पण त्याच लवेचे पुढे गोळे होतात. आखूड तंतूंचा, सैल पिळाचा धागा असेल तर गोळे हमखास. अंगठ्याने थोडा वेळ जोरात चोळा. तेवढ्यात लव उभी राहिली तर समजून जा. ओला पांढरा रुमाल घासून रंग लागतो का तेही बघा.

मळा_ते_माग
शिक्क्यांबद्दल. प्रत्येक शिक्का एका ठरावीक प्रश्नाचंच उत्तर देतो. जीओटीएस (सेंद्रिय कापडासाठीचा आंतरराष्ट्रीय शिक्का) असेल तर किमान ७० टक्के तंतू सेंद्रिय असतात, त्यातही 'ऑरगॅनिक' असा दर्जा मिळायला ९५ टक्के लागतात. रंगाई आणि कामगारांच्या अटीही त्यात येतात. ओको-टेक्स स्टँडर्ड १०० म्हणजे तयार मालात घातक रसायनं मर्यादेत आहेत, एवढंच. शेती कशी झाली, मजुरी किती दिली, याबद्दल तो काही सांगत नाही, तरी लोक तो 'पर्यावरणपूरक' म्हणून वाचतात.

'बांबू' लिहिलेलं मऊ कापड बहुतेक वेळा व्हिस्कोस असतं. बांबूचा लगदा करून, कार्बन डायसल्फाइडसारखं विषारी रसायन वापरून त्याचा धागा काढतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये असं कापड 'बांबू' म्हणून विकणाऱ्यांवर कारवाई केली होती. लायोसेल हाही लाकडाच्या लगद्यापासूनचा धागा, पण लगदा विरघळवायला वापरलेलं रसायन त्यात जवळजवळ सगळं परत वापरलं जातं, म्हणून अशा धाग्यांत मी ते निवडते.

आणि लेबलावरचं देशाचं नाव फक्त शिलाई कुठे झाली ते सांगतं. २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात राणा प्लाझा ही कपड्यांचे कारखाने असलेली इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसं गेली. तिथे शिवलेल्या कपड्यांवर नामांकित ब्रँडची लेबलं होती. कंपनी आपल्या कारखान्यांची यादी जाहीर करते का, हे मी आवर्जून बघते.

निळी_सावली
सगळ्यांचे मनापासून आभार! एक शेवटचं: पॉलिस्टर मिसळलेली पँट आवडली आहे. शिवण तुम्ही सांगितलंत तशी आहे. सोडून देऊ का?

मळा_ते_माग
वर्षानुवर्षं वापरणार असाल तर घ्या. मिश्र धाग्यांचं कापड पुन्हा धागा करायला अवघड असतं आणि धुताना त्यातून प्लास्टिकचे सूक्ष्म तंतू सुटतात, हे खरं आहे. त्यामुळे गार पाण्यात, मशीन पूर्ण भरून आणि गरज असेल तेव्हाच धुवा.

उलट_टीप
घेताना आत जादा बटण टाचलेलं आहे का आणि पायाच्या दुमडीत कापड किती आहे तेही बघा. दोन बोटं असेल तर कड झिजल्यावर नवी दुमड घालता येते.